‘य’चा ‘ळ’ झाला तो बहार

आर्वी मागे पडली की फेब्रुवारीत एसटीच्या खिडक्या एकेक करून उघडायला लागतात. कुणी कुणाला सांगत नाही. संत्र्याला फूल आलेलं असतं, आणि तो वास आधी पुढच्या सीटवरच्याला लागतो, मग त्याच्या मागच्याला, असा गाडीभर सरकत जातो. गोड म्हणावा तर नुसता गोड नाही. साल सोलताना नाकाला झोंबतं तसलं काहीतरी कडवट त्यात असतं. दर वर्षी मी ठरवते की या खेपेला तो नीट लक्षात ठेवायचा. आणि दर वर्षी मार्च सरेपर्यंत तो असा काही निसटतो, की पुढच्या फेब्रुवारीत तळेगावचा फाटा जवळ आला की पुन्हा पहिल्यांदाच भेटल्यासारखा भेटतो.

फेब्रुवारी म्हणजे माझ्या नोकरीत प्रोजेक्टचाही हंगाम. वर्ध्याला डिप्लोमाच्या मुलामुलींना मी प्रोग्रामिंग शिकवते. एखादीनं गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी केलेली असते, एखाद्यानं कबड्डीच्या सामन्यांचं वेळापत्रक. कामं चिमुकली, पण चेहरे असे की जणू यांनी आत्ताच रॉकेट सोडलंय. मी बाकांमधून फिरते आणि प्रत्येकाला विचारते, “व्हर्जन कंट्रोल लावलं का?” म्हणजे प्रोग्रामच्या फोल्डरला सांगून ठेवायचं, की मी काय काय बदलते ते तारीखवार लक्षात ठेव, आणि उद्या मला मागं यावंसं वाटलं तर वाट दाखव. गिट नावाचं त्याचं एक साधन आहे. फुकट मिळतं, शिकायला एक दुपार पुरते. तरी कुणीतरी हमखास मान वर करतं. परवा साक्षी होती.

“मॅडम, दोनशे ओळी तं आहेत. अन् मी एकटीच लिहून राह्यली. एवढ्याशासाठी कायले?”

वर्ग हसला. मीही हसले, कारण हा प्रश्न मी स्वतः विचारला होता, अगदी याच सुरात, सिंदी मेघेतल्या एका खोलीत. त्याचं उत्तर मला मिळालं ते मात्र तळेगावच्या एका अंगणात, आणि ज्या बाईनं ते दिलं तिनं तोवर गिट हा शब्दही ऐकला नव्हता.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. सिंदी मेघेत मी आणि ऋतुजा मिळून एका खोलीत राहायचो. ऋतुजा हिंगणघाटची. पोरगी अशी की जे दिसेल त्याचा इतिहास ठेवायची. आईच्या लोणच्याची कृतीसुद्धा तिनं गिटमध्ये ठेवली होती, कारण आई दर वर्षी मीठ बदलायची आणि दर वर्षी “मी तं एवढंच टाकते” म्हणायची. माझा कारभार साधा होता. काही बदलायचं तर आधी फोल्डरची नक्कल करायची. ‘शब्दकोश’, ‘शब्दकोश नवा’, ‘शब्दकोश नवा २’, ‘शब्दकोश आता हाच’, ‘शब्दकोश खरंच हाच’. एकदा ‘हाच’ उघडायचा तर मी ‘खरंच हाच’ उघडला आणि तासभर चुकीच्या फाइलशी भांडत बसले. तेव्हा शनिवारी गावी निघायच्या आधी मी कंबर कसली आणि सगळ्या नकला पुसून टाकल्या. घर झाडून काढल्यासारखं वाटलं.

“एकच ठेवली?” ऋतुजानं पोह्यांचा घास तसाच धरून विचारलं. “मंजू, मंग त्याले गिट लाव.”

“अवं, दीडशे ओळींचा प्रोग्राम आहे. आत्याच्या हौसेसाठी केलेला. एवढ्याशासाठी कायले?”

“मंग मोठा झाल्यावर लावशीन का?” ती म्हणाली, आणि तर्री वाढून घेतली. तिनं हट्ट धरला नाही. हट्टी माणसांचं म्हणणं निदान रागानं तरी लक्षात राहतं. तिचं मी आर्वीपर्यंत विसरूनही गेले.

तो प्रोग्राम होता शोभाआत्याचा. शोभाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही; “शाळा केली,” असं ती स्वतःच सांगते. तळेगावच्या शाळेत तीस वर्षं शिकवून ती निवृत्त झाली आणि वर्षभरात तिनं आमच्याकडच्या बोलीचे शब्द गोळा करायला घेतले. भाजी निवडताना, बाजारात, कुणाच्या बारशाला, कुठंही. कुणी बोलता बोलता एखादा जुना शब्द टाकला की आत्या पर्समधून जुन्या कॅलेंडरचा कपटा काढायची आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहून घ्यायची. शब्द, त्याचा शाळेतल्या मराठीतला अर्थ, आणि एक वाक्य, जसं बोलणारा बोलला तसं. सांबार म्हणजे कोथिंबीर. भेद्रं म्हणजे टमाटर. धुरा म्हणजे वावराचा बांध. सुरुवातीला लोक हसायचे. मग स्वतःहून हाक मारून शब्द द्यायला लागले.

कपट्यांचे तीन डबे भरले तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हटलं, “आत्या, मी तुला प्रोग्राम करून देते. शब्द टाकला की अर्थ दिसेल, वाक्य दिसेल.” दोन रविवारांत तो झाला. दिवाळीपासून दर शनिवार-रविवारी मी लॅपटॉप घेऊन आले की आत्या एका बोटानं त्यात शब्द भरायची. आणि एक शहाणपणा मी आणखी केला होता. तिला सांगितलं होतं, “आता कॉम्प्युटरात आहेत, हे कागद कशाला सांभाळतेस?” आत्या शिस्तीची बाई. एकेक शब्द भरायची आणि त्याचा कपटा बंबात घालायची.

फेब्रुवारीच्या शेवटी शाळेत मराठी भाषेचा दिवस असतो. त्या दिवशी आत्या हा शब्दकोश मुलांना दाखवणार होती. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं होतं, भिंतीवर मोठं दाखवायचं यंत्र मागवून ठेवलं होतं. बाराशे शब्द झाले होते आणि बारा दिवस उरले होते.

तो रविवार मला हवेसकट आठवतो. कोवळं ऊन, मागच्या बागेतून भरभरून येणारा फुलांचा वास, मधमाश्यांची एकसारखी गुणगुण, आणि अंगणात बाजेवर लॅपटॉप घेऊन मी. मला एक छान सुधारणा सुचली होती. आमच्याकडे पुष्कळ लोक ‘ळ’च्या जागी ‘य’ म्हणतात. डोळ्याला डोया, शाळेला शाया, केळ्याला केयं. मला वाटलं, कुणी ‘शाळा’ असं शोधलं तरी ‘शाया’ सापडली पाहिजे. मी दोन ओळी लिहिल्या: शोधताना ‘य’ला ‘ळ’ समज. फक्त त्या दोन ओळी जिथं लिहायला हव्या होत्या तिथं न लिहिता चार बोटं खाली लिहिल्या, जिथं प्रोग्राम सगळे शब्द पुन्हा फाइलमध्ये लिहून ठेवतो तिथं. बटण दाबलं. काही अडलं नाही, काही लाल झालं नाही. मी खूश होऊन आत्याला हाक मारली.

आत्या चहाचा कप घेऊन शेजारी बसली, चष्मा लावला आणि वाचायला लागली.

“‘माही माळ वावरात गेली.’” ती थांबली. “हे काय वं? ‘गाळीले पानी पाजून ळे.’”

तिचे खांदे हलायला लागले. पुढचं वाक्य होतं ‘तुह्ळा पाळात काळ रुतलं’. ते तिला मोठ्यानं म्हणताच येईना. ‘ह्ळा’ला जीभ कुठं लावायची तेच समजेना. कप खाली ठेवून ती डोळ्यांना पदर लावून हसली. “पावन्याइले चाळ दे म्हंते! अख्खी चाळ!” मीही हसत होते, पण भराभर पुढच्या ओळी सरकवून बघत होते. मला कळलं होतं काय झालं ते. बाराशे शब्दांमधला प्रत्येक ‘य’ गेला होता.

हसता हसता आत्याची नजर एका ओळीवर गेली आणि तिचं हसू थांबलं. तिथं लिहिलं होतं, ‘शाळा: शाळा’. खाली ‘केळं: केळं’. ‘हळद: हळद’. ‘सकाळ: सकाळ’. 

“आता परत कर,” ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की परत होत नाही. उलटं करून ‘ळ’चा ‘य’ करावा, तर अर्थांमध्ये मुळातच जे ‘ळ’ आहेत तेही ‘य’ होतील. शिवाय सगळे लोक सगळीकडे ‘य’ म्हणत नाहीत. काही शब्द आत्यानं ऐकले तसे ‘ळ’ ठेवूनच लिहिले होते. कुठला ‘ळ’ तिचा आणि कुठला माझा, हे कॉम्प्युटरला कळणार नव्हतं. जुनी नक्कल नव्हती, ती मी आदल्याच दिवशी पुसली होती. कपटे नव्हते, ते बंबात गेले होते, माझ्याच सांगण्यावरून. मी बोलत राहिले आणि आत्या ऐकत राहिली.

तिनं मला चार शब्द सुनवायला हवे होते. ती उठून सांबाराच्या वाफ्याकडे गेली, वाकून दोन-तीन पिवळी पानं खुडली, परत आली.

“मंजू,” ती म्हणाली, “मी तेच केलं ना वं. तीस वर्षं. पोट्टे ‘माही शाया’ लिहून आनत, मी लाल पेनानं खोडून ‘शाळा’ लिहो. तुह्या डब्ब्यानं एका झटक्यात केलं, मले तीस वर्षं लागले.”

मला रडू आलं. तिनं पदरानं माझं नाक पुसलं, मी पाच वर्षांची असल्यासारखं. मग तिच्यातली शाळेची बाई जागी झाली.

“बरं, ऊठ. थे शब्द काय तुह्या डब्ब्यात जल्मले होते का? लोकाइच्या तोंडात आहेत ना अजून. चाल, इचारू.”

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं वर्ध्याला जाणार होते. गेले नाही. माझा स्वतःचा कॉलेजचा प्रोजेक्ट झाला होता, फक्त लिहून काढायचा होता. तो मी तळेगावात बसून लिहायचं ठरवलं. ऋतुजाला फोनवर सगळं सांगितलं. ‘मी सांगतलं होतं’ हे वाक्य तिच्या तोंडावर आलेलं मला ऐकू आलं. ते तिनं गिळलं आणि म्हणाली, “पह्यले आत्ता जशी फाइल आहे, तशीच गिटमध्ये टाक. खराब आहे तं खराब. तिथून मांगं जाता नाई येनार, पन पुढं काही हरपनार नाई.” मी तिनं सांगितल्याप्रमाणे केलं. पहिल्या नोंदीला नाव द्यायचं होतं. मी लिहिलं, ‘सगळं बिघडवलं’.

मग सुरू झाल्या त्या सकाळी. बहार जोरात होता. झाडांखाली पांढऱ्या पाकळ्यांचा सडा पडायचा आणि आमच्या अंगणापर्यंत उडत यायचा. शेजारच्या देवकाबाई वावरात निंदायला, तण काढायला, जायच्या आधी तासभर आमच्याकडे टेकायच्या. सत्तरीच्या जवळ आलेल्या, काटक, तोंडानं फटकळ, आणि आत्याच्या निम्म्याअधिक शब्दांच्या धनी त्याच. आत्याचा नियम कडक होता: आपण शब्द सांगायचा नाही, समोरच्याच्या तोंडून येऊ द्यायचा. म्हणून पहिल्याच दिवशी तिनं एक केळं देवकाबाईंच्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, “हे काय आहे?”

देवकाबाईंनी केळ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे काळजीनं पाहिलं. “डोये गेले का मॅडमचे? केयं हाय थे.”

“लिही,” आत्या मला म्हणाली. एका वाक्यात दोन शब्द परत आले होते.

सगळे इतक्या सहज येत नव्हते. पुरुषोत्तमभाऊंचं किराणा दुकान चौकात आहे. आम्ही दोघी तिथं गेलो, मी लॅपटॉप उघडून उभी. आत्यानं पिवळ्या डब्याकडे बोट दाखवलं. भाऊ आमचा उद्योग ऐकून होते. त्यांनी सदरा नीट केला, घसा साफ केला आणि रेडिओवर बोलावं तसे म्हणाले, “ही हळद आहे.” आत्यानं मिरचीकडे, गुळाकडे बोट दाखवलं. सगळं शुद्ध. बिचारी आत्या हिरमुसली. तेवढ्यात एक बाई आली आणि तिनं काहीतरी मागितलं. भाऊ तिकडे वळून ओरडले, “कोनती हयद पाह्यजे, खुली का पाकिटातली?” आत्या आणि मी एकदमच “हां!” म्हणालो. ती बाई दचकली. भाऊ आधी ओशाळले आणि मग इतके हसले की त्यांनी आम्हाला मूठभर फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, दिले आणि बसल्या बसल्या आणखी अकरा शब्द.

मी त्यानंतर पुष्कळदा हे पाहिलं आहे. लिहून घेणारं माणूस समोर दिसलं की लोक स्वतःच स्वतःला खोडतात, लाल पेनाची वाट न पाहता.

रोज सकाळचं काम झालं की मी गिटमध्ये नोंद करायची. माझ्या नोंदी बघण्यासारख्या होत्या: ‘बदल’, ‘अजून बदल’, ‘परत बदल’. आत्यानं एकदा डोकावून पाहिलं आणि तिच्यातली बाई खवळली. “हा काय निबंध आहे? ‘बदल’ म्हंजे काय? कोनता? कोनी सांगतला?” मग मी प्रोग्राममध्येच एक खिडकी केली. जतन करायचं बटण दाबलं की ती विचारते, ‘आज काय बदललं?’ तिथं जे लिहाल ते त्या दिवसाच्या नोंदीवर चिकटतं. आत्यानं ती खिडकी जिंकून घेतली. ‘गोये दुरुस्त. कढीगोये देवकाबाईनं सांगतले, खाऊपन घातले.’ ‘सोयरे दुरुस्त. देवकाबाई अन् पुरुषोत्तमभाऊ भांडले, दोघाइचंही ठेवलं.’ ‘आज काहीच नाई झालं, देवकाबाईले ताप.’ 

तो सगळा बहार आता त्या नोंदींमध्ये आहे. मी कधी कधी अशीच ती यादी उघडून बसते. बाकीच्यांच्या डायऱ्या असतात. आमच्या घरी ही आहे. दुसऱ्या आठवड्यातली एक नोंद आहे, ‘माय परत आली’. माळेची माय झाली तो दिवस. तारीख आहे, सकाळची वेळ आहे. त्या दिवशी आत्यानं साखरभात केला होता, तेवढं मात्र तिथं लिहिलेलं नाही, ते मला लक्षात ठेवावं लागतं.

साक्षीचा प्रश्न काही मूर्खपणाचा नाही, हे मला कबूल आहे. लहान कामाला मोठं अवडंबर नको, हे खरंच. मी स्वतः ऋतुजासारखी लोणचं गिटमध्ये ठेवत नाही. एखाद्या दुपारी गंमत म्हणून दहा ओळी लिहिल्या आणि संध्याकाळी टाकून दिल्या, तर त्यांचा इतिहास कशाला? पण लहान म्हणताना आपण काय मोजतो, हे बघायला हवं. मी ओळी मोजल्या होत्या. दीडशे ओळी गेल्या असत्या तर मी एका दिवसात परत लिहिल्या असत्या. त्यांना काही झालं नाही, त्या जशाच्या तशा राहिल्या. गेलं ते त्यांच्या ओंजळीत ठेवलेलं, आणि ते माझं नव्हतंच. आणि ‘मी एकटीच तर आहे’ हेही मला आता पटत नाही. मागच्या वर्षी लिहिलेला माझाच प्रोग्राम उघडते तेव्हा तो लिहिणारी बाई मला अनोळखी वाटते. तिनं जाता जाता दोन शब्द लिहून ठेवले असले, तर तिच्यावर राग येत नाही.

शिवाय धीर येतो. ते मला त्या बारा दिवसांत कळलं. पहिल्या दिवशी मी एकेक अक्षर भीत भीत बदलत होते. चौथ्या दिवशी मी बेधडक झाले. चुकलं तर काल आहेच, हे माहीत असलेल्या माणसाचा हात हलका पडतो. आत्याचाही पडला. तिनं वाक्यं वाढवली, जुने अर्थ मोडून नवे केले, आणि बाराशे शब्दांचे साडेतेराशे झाले. भाषेच्या दिवसाच्या आदल्या सकाळी शेवटचा ‘ळ’ सुटला. सत्तर-ऐंशी शब्दांबद्दल कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकलं नाही. त्यांच्यापुढे आत्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, ‘कसं म्हणतात ते पक्कं नाही’.

शाळेतल्या कार्यक्रमाला वर्गांमधली दारं सरकवून एक मोठी खोली केली होती. पन्नासेक मुलं खाली सतरंजीवर, मुख्याध्यापक आणि मास्तर मंडळी खुर्च्यांवर, देवकाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. आत्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली आणि सगळं भिंतीवर मोठं दिसत होतं. मुलं शब्द ओरडायची, आत्या टाकायची, अर्थ उमटायचा, आणि खाली वाक्याबरोबर सांगणाऱ्याचं नाव. देवकाबाईंचं नाव आलं की त्या पदर सावरायच्या. पुरुषोत्तमभाऊंचं नाव आलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण गोळ्या तेच विकतात.

दारात एक बाई पदराला हात पुसत उभी होती. मीना. ती शाळेत मुलांचं जेवण शिजवते, आणि एके काळी याच शाळेत शिकली. ती मोठ्यानं म्हणाली, “मॅडम, ‘केयं’ टाका बरं.”

आत्यानं टाकलं. भिंतीवर आलं, ‘केयं: केळं’.

“हाय ना?” मीना म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, पण नुसतं हसू नव्हतं. “मी तिसरीत होती. तुमी फळाइचे नावं इचारले, मी केयं म्हनलं. तुमी मले उभं केलतं. केळं म्हनशीन तवाच बस, म्हने. मी नाई म्हनलं. सुट्टी होयेपर्यंत उभी होती.”

मुख्याध्यापक हातातला कागद उगाच चाळायला लागले. मला वाटलं, आता आत्या काय करणार? ती तीस वर्षांची मॅडम होती, तिच्यापुढे तिचं अख्खं गाव बसलं होतं.

आत्यानं चष्मा काढला. “मले याद नाई, मीना,” ती म्हणाली. “खरं सांगते. किती जनाइले उभं केलं, मी थे कुठं लिहून ठेवलं? पन तुले याद आहे, म्हंजे झालं आहे थे. चुकलं माह्यं.”

आता लाजायची पाळी मीनाची होती. “जाऊ द्या ना मॅडम,” ती घाईघाईनं म्हणाली, आणि वातावरण हलकं करायला म्हणून पुढं जोडलं, “नाई तं आता तुमी उभ्या राहा, झाली फिट्टमफाट.”

मुलं हसली. आणि आत्या खरंच उठली. खुर्ची मागं सारली, दोन्ही हात अंगालगत, पाय जुळवलेले, तिसरीतली मुलगी उभी राहते तशी ताठ. “ये,” ती मीनाला म्हणाली. “इथं बस. तुह्यं वाक्य तू टाक. तुह्यं होयेपर्यंत मी उभी.”

“मॅडम, मी गंमत केली.”

“मी नाई करून राह्यली. बस.”

मीना बसली. तिला मराठीची बटणं माहीत नव्हती. मी शेजारून एकेक दाखवत गेले आणि ती एका बोटानं, प्रत्येक अक्षरापाशी थांबत, लिहीत गेली. मुलं भिंतीकडे बघून अक्षरं मोजायला लागली. कुणीतरी “काना राह्यला!” म्हणून ओरडलं. देवकाबाईंनी आत्याला “बसा ना बाप्पा, पाय दुखतीन” म्हटलं; आत्यानं मान हलवली. शेवटी वाक्य पुरं झालं. ‘मले केयं आवडते.’ त्याखाली सांगणाऱ्याचं नाव: मीना.

“बसा मॅडम,” मीना म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

आत्या खाली बसली. चष्मा लावला आणि जतन करायचं बटण दाबलं. भिंतीवर खिडकी उघडली, तिनं विचारलं, ‘आज काय बदललं?’ आत्यानं जरा विचार केला. मग तिचं एक बोट सावकाश चालायला लागलं, आणि समोर अक्षर दिसलं की ते मोठ्यानं वाचायची सवय असलेल्या त्या पन्नास पोरांनी, ते जसजसं भिंतीवर उमटत गेलं तसतसं, एका सुरात वाचून काढलं:

“मीनाचं बरोबर होतं.”